शाळेतील आपले भागभांडवल



या पानावर मी एरवी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया आणि खताचे हप्ते यांविषयी लिहितो. या अंकात थोडी वाट वाकडी करून शाळेविषयी लिहीत आहे. त्याचे कारण असे. मध्यंतरी लागण नोंदीसाठी एका वस्तीवर गेलो होतो. नोंदी घ्यायला बसलो ते शाळेच्या व्हरांड्यात. दोन खोल्या, एक गुरुजी, एक बाई आणि मुले मोजून चौदा. त्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीची सभा होती आणि पालक कमी पडत होते. गुरुजींनी आमच्या एका सभासदाला थांबायची विनंती केली. तो म्हणाला, "गुरुजी, शाळा सरकारची, पगार सरकारचा. आम्ही तिथं बसून काय उजेड पाडणार?"

हाच सभासद कारखान्याची वार्षिक सभा कधी चुकवीत नाही. उतारा अर्ध्या टक्क्याने का घटला, म्हणून उभा राहून विचारतो. त्याचा मुलगा त्या चौदांत आहे. मुलाच्या शाळेचा उतारा मात्र त्याने कधी विचारलेला नाही.

आता असे पाहा. सहकारी साखर कारखाने उभे राहिले ते सभासदांचे भाग, शासनाचे भागभांडवल आणि वित्तीय संस्थांचे कर्ज या तिन्हींच्या आधारावर. शासनाने पैसा घातला म्हणून कारखाना सरकारचा झाला, असे आपण म्हणतो का? नाही. शाळेचेही तसेच आहे. सरकारचा पैसा म्हणजे शेवटी आपलाच पैसा. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी हाच हिशेब मांडला होता. महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गासाठी होतो, आधी खेड्यातल्या प्राथमिक शिक्षणाकडे पाहा, असे त्यांचे सांगणे होते.

सार्वजनिक पैसा लागला की हक्क कसा तयार होतो, हे मला माझ्या मुलखाने शिकवले. मी मूळचा पोलादपूरकडचा. आंबेनळी घाट चढून नोकरीसाठी इकडे आलो, चिटबॉय म्हणून लागलो आणि आज आपल्या शेतांवर फिरतो. आमचे बाजाराचे मोठे गाव महाड. तिथले चवदार तळे सर्वांना ठाऊक आहे, पण त्या सत्याग्रहाच्या मागे एक ठराव होता, तो फारसा कोणी सांगत नाही. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, दवाखाने व कचेऱ्या अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. तो मंजूर झाला. ज्याला सगळ्यांचा पैसा, तिथे सगळ्यांना वाट, हे त्याचे साधे तत्त्व. १९२४ साली सुरबानाना टिपणीस अध्यक्ष असताना महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. पुष्कळ ठिकाणी ठराव कागदावरच राहिला, म्हणून १९२६ साली बोले यांनी दुसरा ठराव आणला. जी नगरपालिका व लोकल बोर्डे हे पाळणार नाहीत, त्यांचे अनुदान रोखावे, असा त्याचा आशय होता.

पण महाडच्या तळ्यावर कागदाने कोणी पोचला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हा ठरावाला अर्थ आला. त्यावरून लोकांना मार खावा लागला. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेले आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला. दहा वर्षे गेली. पैसा आणि ठराव सरकार देईल, पण हक्क बजावायला माणसाने स्वतःच्या पायाने जावे लागते, हा महाडचा धडा. त्या ठरावात पाणवठ्याच्या जोडीला शाळा होती, हेही विसरू नये.

आज सरकारचा पैसा शाळेत कसा येतो, ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे ढोबळमानाने चार प्रकारच्या शाळा आहेत. पहिली जिल्हा परिषदेची वा नगरपालिकेची. तिचा पगार, पुस्तके, पोषण आहार हा सारा खर्च सार्वजनिक पैशातून होतो. दुसरी खाजगी संस्थेची अनुदानित शाळा. संस्था चालवते, शिक्षकांचा पगार शासन देते. आपल्या भागातील बरीच हायस्कुले या प्रकारची. तिसरी अंशतः अनुदानित, म्हणजे पगाराचा काही टक्केच भार शासन उचलते आणि टप्प्याटप्प्याने वाढवते. चौथी विनाअनुदानित वा स्वयंअर्थसहाय्यित. ती पालकांच्या फीवर चालते. स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा राज्यात २०१२ साली झाला. मुलाचे नाव घालताना शाळा यांपैकी कोणत्या प्रकारची, हे मुख्याध्यापकांना सरळ विचारावे. बेणे घेताना आपण जात विचारतो, मग इथे लाजायचे कारण नाही.

अनुदान आणि शिक्षक ठरतात ते पटावर. त्याला संचमान्यता म्हणतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार. आपल्या भाषेत सांगायचे तर ही ऊस नोंद आहे. लागण केली पण नोंद नाही, तर तोडणीच्या कार्यक्रमात प्लॉट येत नाही. मूल गावात आहे पण पटावर नाही, किंवा पटावर आहे आणि आधारमधले नाव जुळत नाही, तर शिक्षक ठरवताना ते मूल मोजले जाईलच असे नाही. मग शिक्षक कमी झाला की आपण सरकारला बोल लावतो.

आता खरी काळजीची गोष्ट. २०१७ साली दहापेक्षा कमी पट असलेल्या १३०० हून अधिक शाळा बंद करून मुले शेजारच्या शाळेत घालण्याचा निर्णय राज्यात झाला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. पानशेत आणि तोरणमाळ येथील समूह शाळांचे उदाहरण त्यासाठी पुढे केले गेले. अशा कमी पटाच्या शाळा त्या वेळी राज्यात १४ हजारांहून अधिक होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती.

समूह शाळेची बाजूही ऐकली पाहिजे. चौदा मुलांत खो-खोचे दोन संघ होत नाहीत, ग्रंथालय नाही, प्रयोगाचे साहित्य नाही, हे खरे आहे. मोठ्या शाळेत ते मिळू शकते. पण कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ठरवले आहे ते उगीच नाही. आमच्या पोलादपूरच्या डोंगरात एक किलोमीटर म्हणजे कधी एक चढण आणि दोन ओढे. जुलैत ओढ्याला पाणी आले की मोठा माणूस थांबतो, तिथे सहा वर्षांची पोर काय करणार? गाडी देऊ म्हणतात. ती पहिल्या वर्षी येते. तिसऱ्या वर्षी तिचे डिझेल कोण भरणार, हे आधी लेखी विचारून घ्यावे. गाडी बंद पडली की आधी घरी बसते ती मुलगी.

आमच्याकडच्या वाड्या मुंबईच्या चाकरमान्यांनी ओस पाडल्या, म्हणून पट घसरला. इकडे पाणी आहे, ऊस आहे, माणसे गावातच आहेत. तरी पट का घसरतो? कारण आपणच पिवळी बस दारात बोलावतो. तो ज्याचा त्याचा निर्णय आहे, मी नाव ठेवीत नाही. पण ज्यांना ती फी परवडत नाही, त्यांची शाळा आपल्या जाण्याने दुबळी होते, एवढे ध्यानात असावे.

इथेच शाळा व्यवस्थापन समितीचे महत्त्व. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेला आलेले अनुदान कसे खर्च झाले हे पाहणे, शाळेचा विकास आराखडा करणे, गुरुजी वेळेवर येतात का आणि मुले नियमित येतात का हे पाहणे, ही तिची कायद्याने दिलेली कामे. आपल्या संचालक मंडळासारखीच ती आहे. फरक इतकाच की तिच्या निवडणुकीला कोणी जीप फिरवीत नाही.

पुढच्या शिक्षणाविषयी माझाच अनुभव सांगतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो आणि दहावीनंतर कृषी पदविकेला गेलो. फीची सवलत होती, म्हणूनच वडिलांनी पाठवले. दुसऱ्या वर्षी उत्पन्नाचा दाखला मुदतीनंतर पोचला. कार्यालयात उशीर झाला हे खरे, पण आम्हीही अर्ज शेवटच्या आठवड्यात केला होता. सवलत गेली आणि फी भरायला घरची दुभती म्हैस विकावी लागली. आईने त्यावर एक शब्द काढला नाही. पण त्या वर्षी सुट्टीत घरी गेलो की चहा बिनदुधाचा मिळे, तेव्हा घोट गिळत नसे.

आज सोयी पुष्कळ वाढल्या आहेत. आमच्या महाडच्या उत्तरेला माणगाव तालुक्यात लोणेरे येथे १९८९ साली राज्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ काढले. माझ्या वाडीतल्या पोरांना तोवर तंत्रशिक्षण म्हणजे मुंबई-पुण्याची गोष्ट वाटे. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही माफी नाही. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर करावा लागतो.

तेव्हा सभासदांनी पुढील गोष्टी कराव्यात:

१. जूनमध्ये मुलाचे नाव शाळेच्या पटावर आणि आधारवर सारखेच आहे ना, हे स्वतः पाहावे.

२. व्यवस्थापन समितीची सभा चुकवू नये. आलेल्या अनुदानाचा खर्च विचारावा, तोही भांडणाच्या सुरात नको.

३. शाळा एकत्र करण्याचा विषय निघाल्यास अंतर, ओढे आणि गाडीचा खर्च लिहून ग्रामसभेत ठराव करावा.

४. दहावी-बारावीतील मुलांसाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र निकालाआधीच काढून ठेवावे.

५. तोडणीसाठी आलेल्या टोळीतील मुले आपल्या फडात दिसली तर जवळच्या शाळेत कळवावे. तीही त्याच सार्वजनिक पैशाची वारसदार आहेत.

उगवण विरळ झाली तर आपण नांग्या भरतो, कारण उशीर झाला की भरलेले रोप बाकीच्या उसाच्या सावलीत खुरटते. शाळेच्या पटातल्या नांग्याही वेळेतच भराव्या लागतात.

त्या वस्तीवरच्या सभासदाला मी एवढेच म्हणालो, "अण्णा, कारखान्यात तुमचा एक भाग आहे, त्यासाठी तुम्ही दिवस मोडून सभेला येता. इथे तुमचा मुलगा आहे." तो काही बोलला नाही. पण चप्पल काढून आत जाऊन बसला. सभा भरली. मी बाहेर बसून राहिलेल्या नोंदी लिहून घेतल्या.

आपला,
ऊस विकास अधिकारी