पायाखालचे दगड (भाग ९) : सोन्याला शेजार लागतो

गेल्या भागात धसईच्या शिवारातल्या काळ्या कातळाबद्दल लिहिले आणि लगेच पुढच्या रविवारी एक मुलगा पिशवीत दगड घालून दारात हजर. विहिरीच्या सुरुंगातून निघालेला. काळ्या दगडाच्या पोकळीत मधाच्या रंगाचे चकचकीत स्फटिक. ‘‘काका, आजोबा म्हणतात सोनं नसणार, पण दाखवून तरी ये.’’ मी घरातून लिंबू आणले, सुरीने स्फटिक खरवडून भुकटी केली आणि वर चार थेंब पिळले. बारीक बुडबुडे आले. कॅल्साइट. चुनखडी ज्या खनिजाची बनते, तेच हे. मुलगा हिरमुसला.

आजोबांचा प्रश्न मात्र त्याने नीट पोचवला. सगळीकडे सोने दगडातूनच निघते, मग आमच्या दगडाने काय घोडे मारले? याचे उत्तर देताना मला स्कार्न नावाचा खडक फार उपयोगी पडतो. मुरबाड-शहापुरात तो कुठेही नाही, पण तो का नाही हे कळले की बरेच काही कळते.

स्कार्न हा शब्द स्वीडनच्या लोखंडाच्या खाणीतल्या मजुरांचा. मूळ अर्थ घाण, किंवा वात झटकली की पडणारी काजळी. धातूच्या दगडाबरोबर निघणाऱ्या निरुपयोगी खडकाला ते हे नाव देत. तॉर्नेबोम या स्वीडिश भूवैज्ञानिकाने १८७५ मध्ये पर्सबेरीच्या खाणींबद्दल लिहिताना तो शब्द उचलला आणि कचऱ्याचे नाव शास्त्रात कायमचे बसले.

हा खडक तयार कसा होतो, ते इथल्या माणसाला सांगायला वीटभट्टीच पुरे. आगीला चिकटलेल्या विटा जळून काळ्यानिळ्या, काचेसारख्या होतात, त्यांच्यापलीकडे पक्क्या लाल, कडेला कच्च्या. भट्टी एक, माती एक, पण अंतराप्रमाणे वीट बदलते. जमिनीखाली तप्त शिलारस चुनखडीत घुसतो तेव्हा असेच होते. आधी नुसत्या धगीने चुनखडीचा संगमरवर बनतो. मग थंड होणाऱ्या शिलारसातून सिलिका, लोह घेऊन कढत पाणी सुटते आणि चुनखडीत शिरते. चुना आणि सिलिका एकत्र येतात, कार्बन डायऑक्साइड सुटतो (लिंबाखाली बुडबुडला तोच वायू) आणि नवी खनिजे जन्मतात. आगीजवळ गार्नेट, त्यापलीकडे हिरवट पायरॉक्सिन, शेवटी संगमरवर. सोने या पहिल्या कडक आचेत सहसा बसत नाही. भट्टी निवू लागली, पाणी खडकात मुरू लागले की गंधकाच्या खनिजांबरोबर ते मागाहून येते.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातले हेडली हे गाव सोन्याच्या स्कार्नचे जगातले नमुनेदार ठिकाण. १८९८ मध्ये वॉलस्टन आणि अ‍ॅरुंडेल या दोघांनी तिथल्या डोंगरावर खाणपट्ट्यांच्या खुणा ठोकल्या. एका पट्ट्याचे नाव ‘निकेल प्लेट’. निघाले सोने, नाव राहिले निकेलचे. त्यांचे नमुने न्यू वेस्टमिन्स्टरच्या प्रदर्शनात मांडलेले असताना रॉजर्स नावाच्या माणसाने पाहिले. तो मोंटानाचा तांबेसम्राट मार्कस डेली याचा हस्तक. खाण विकत घेतली गेली आणि १९०४ पासून उत्पादन सुरू झाले.

मला त्या डोंगरावरची मॅस्कॉट खाण जास्त आवडते. मोठ्या कंपनीच्या पट्ट्यांच्या मधोमध जमिनीची एक चिंचोळी चिरोटी सुटून गेली होती. डंकन वुड्स नावाच्या माणसाने ती आपल्या नावावर केली आणि कंपनीच्या मागणीला दाद दिली नाही. दोन गटांच्या मधल्या गुंठाभर तुकड्यावरून आपल्याकडे पिढ्या कोर्टात जातात. ते वेड तिकडेही आहे. पुढे त्या तुकड्यावर निराळी कंपनी उभी राहिली आणि १९३६ ते १९४९ तिने खाण चालवली, कड्याला चिकटलेल्या इमारतींतून. निकेल प्लेटचे काम मध्ये बंद पडत, पुन्हा सुरू होत, शेवटी उघड्या खाणीच्या रूपात १९९६ पर्यंत चालले. साऱ्या हेडली परिसराने साठ टनांहून अधिक सोने दिले.

हे सोने सहसा डोळ्यांना दिसत नाही. ते आर्सेनोपायराइट या रुपेरी खनिजाच्या संगतीने, बारीक कणांत असते. आर्सेनोपायराइटवर हातोडा मारला की लसणासारखा वास येतो, तो आर्सेनिकचा. सोबतीला बिस्मथ आणि टेल्युरियमची खनिजे. त्यांतल्या एकाला हेडलाइट असे गावाचेच नाव मिळाले आहे. म्हणून शोध घेणारा थेट सोन्यामागे लागत नाही. तो मातीत आर्सेनिक आणि बिस्मथ तपासतो, गार्नेट कुठे सरले नि पायरॉक्सिन कुठे सुरू झाले याचा नकाशा काढतो. हेडलीत सोने शिलारसाला खेटून नव्हते. ते बाहेरच्या पायरॉक्सिनच्या पट्ट्यात, संगमरवराच्या हद्दीजवळ सापडले. भट्टीच्या भाषेत, कडेच्या विटांत.

आपल्या जवळपास म्हणाल तर राजस्थानात बांसवाडा जिल्ह्यातले भूकिया. तिथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने डोलोमाइटी संगमरवरात सोने शोधले, तेही आर्सेनोपायराइटच्या सोबतीने. त्याला स्कार्न म्हणावे का, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. साठा मात्र मोठा : सुमारे ११ कोटी टन खडकात २२२ टन सोने. म्हणजे टनाला जेमतेम दोन ग्रॅम. आपल्याकडे खडी ब्रासने विकतात; एक ब्रास धरा साडेचार टन. तेवढ्या वजनाचा भूकियाचा दगड दळला तर नऊ ग्रॅम, सराफाच्या हिशेबाने तोळ्यालाही कमी.

आता धसई. इथला बसाल्टही शिलारसच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण तो पृष्ठभागावर पसरला, थरावर थर चढत गेला. त्याच्या शेजारी कोण? खालचा थर बसाल्ट, वरचा थर बसाल्ट. चुनखडीशी गाठ पडलीच नाही. ती खाली खोल कुठे असेल का? कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी छिद्र घेतले तेव्हा ९३३ मीटर बसाल्ट संपल्यावर थेट प्राचीन ग्रॅनाइट लागला, मध्ये चुनखडीचा थर नाही. धसईखाली असे छिद्र कोणी घेतलेले नाही, पण कोयनेचा दाखला आशा वाढवणारा नव्हे. मुलाच्या दगडातला चिमूटभर चुना तर थंडावलेल्या बसाल्टच्या पोकळीत पाण्याने नंतर आणून ठेवलेला.

हे सगळे मी परवा आजोबांना त्यांच्या पडवीत बसून सांगितले. गार्नेट, लसूण, कॅनडा, सगळे त्यांनी ऐकून घेतले. ९३३ मीटर म्हणजे किती फूट, एवढेच विचारले. तीन हजारांच्या वर, मी म्हणालो. त्यांची विहीर चाळिसाव्या फुटावर अडली आहे.

‘‘सोन्याचं राहू द्या,’’ ते म्हणाले, ‘‘तेवढ्यात पाणी तरी लागंल का?’’