संस्थेचे नाव आणि पहिली नोकरी

पदवीचे शेवटचे वर्ष सुरू झाले की आमच्या वाणिज्य विभागात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सर, एम.बी.ए. कुठून करू?" "करू का?" असे फारसे कुणी विचारीत नाही. पण 'कुठून' हा प्रश्नही रास्तच आहे. या शिक्षणात संस्थेच्या नावाला मोठे वजन आहे. ते वजन कशाचे, ते कुठवर पुरते आणि त्यासाठी किती मोल द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम थोडा इतिहास. १९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आय.आय.एम., स्थापन झाल्या. पहिलीला अमेरिकेतील एम.आय.टी.च्या स्लोन स्कूलचे, तर दुसरीला हार्वर्ड बिझनेस स्कूलचे साहाय्य लाभले. १९७३ मध्ये बंगळूरची संस्था निघाली. गंमत अशी, की २०१७ चा कायदा होईपर्यंत या संस्थांना पदवी देण्याचा अधिकारच नव्हता. त्या पदविका देत. तरीही बाजारात विद्यापीठाच्या पदवीहून त्या पदविकेचा मान मोठा होता. याचा अर्थ, कंपन्या कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा तो कोणी दिला हे पाहत होत्या.

असे का व्हावे? मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली याची उपपत्ती मांडली. पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकात तो वाटेकरी झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची खरी कुवत आधी कळत नाही. म्हणून कुवत असलेल्याला जे तुलनेने सोपे आणि नसलेल्याला फार जड, अशा एखाद्या खुणेवर तो भिस्त ठेवतो. शिक्षण ही अशी खूण आहे. आपल्याकडे 'कॅट' परीक्षेला दरवर्षी दोन लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात आणि त्यांतून थोडेच नामांकित संस्थांत पोहोचतात. धान्य आधीच चाळून ठेवलेले असेल तर गिऱ्हाईक पुन्हा चाळणी कशाला धरील? मोठ्या कंपन्या मोजक्याच संस्थांत जाऊन मुलाखती घेतात, त्याचे हे एक कारण. दुसरे कारण माजी विद्यार्थ्यांचे. ते कंपनीत वरच्या जागी बसले, की आपल्या संस्थेची वाट त्यांना आपोआप आठवते.

मग यश संस्थेचे की विद्यार्थ्याचे? अमेरिकेतील पदवी महाविद्यालयांबाबत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे उपयोगी आहे. सारख्याच महाविद्यालयांत प्रवेश मिळालेल्या, पण त्यांतील कमी निवडक महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्यांची पुढील कमाई इतरांहून फारशी कमी नव्हती. अपवाद होता तो गरीब घरच्या मुलांचा. त्यांना निवडक महाविद्यालयाचा स्पष्ट फायदा झाला. मला हा अपवादच महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या घरात ओळखीपाळखी आहेत, त्याला नावाची गरज कमी. ज्याचे वडील गिरणीत वा शेतात राबतात, त्याला ते नाव दार उघडून देते.

यात दैवाचाही वाटा आहे. पॉल ओयर यांनी २००८ साली स्टॅनफर्डच्या एम.बी.ए. पदवीधरांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. शेअरबाजार तेजीत असताना बाहेर पडलेले अधिक संख्येने वॉल स्ट्रीटवर गेले आणि तेथेच पुढे टिकले. मंदीत पडलेल्यांची वाट बदलली ती बदललीच. संस्था एकच, पण साल निराळे. पहिल्या नोकरीची छाप अशी दूरवर उमटते.

आता आपल्या गावाशी निगडित प्रश्न. नामांकित संस्थेत प्रवेश न मिळालेला विद्यार्थी भरमसाट शुल्क घेणाऱ्या एखाद्या सामान्य संस्थेकडे वळतो. माहितीपत्रकात 'सरासरी पगार' ठळक छापलेला असतो. समजा, पाच जणांना वर्षाला ६, ६, ७, ८ आणि ४८ लाख मिळाले. सरासरी आली १५ लाख. पण चौघांपैकी एकालाही त्याच्या जवळपास मिळालेले नाही! मधल्या विद्यार्थ्याचा पगार ७ लाख, आणि खरे चित्र तेच. म्हणून सरासरी विचारू नका, मध्यक विचारा. आणि त्या हिशेबात नोकरी न मिळालेले धरले आहेत का, हेही विचारा.

कर्जाचाही हिशेब मांडा. दहा लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर शिकत असतानाचे व्याज सोडूनही महिन्याचा हप्ता सुमारे १३,२०० रुपये होतो. पहिला पगार ३०,००० असेल, तर पुण्या-बंगळूरचे घरभाडे देऊन घरी काय पाठवणार?

माझे मत असे : प्रवेश खरोखर निवडक संस्थेत मिळत असेल, तर कर्ज काढूनही जावे, गरीब घरच्या मुलाने तर अवश्य जावे. तसे नसेल, तर दोन वर्षे उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात हिशेब, खरेदी वा विक्रीचे काम शिकावे आणि मग पुन्हा परीक्षेला बसावे. नाव पहिले दार उघडते. आत गेल्यावर दोन-चार वर्षांत विचारणा होते ती कामाचीच, आणि तिथे नुसत्या नावावर निभावत नाही.