माजी विद्यार्थ्यांचा निधी : जमतो कसा, टिकतो कसा?

पवईच्या आय.आय.टी.तून १९९८ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या बॅचने रौप्यमहोत्सवानिमित्त २०२३ मध्ये आपल्या संस्थेला ५७ कोटी रुपये दिले. त्याच वर्षी तेथील माजी विद्यार्थी नंदन नीलेकणी यांनी एकट्याने ३१५ कोटी दिले. दुसरा आकडा मोठा खरा, पण आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी पहिल्याचा विचार करावा, असे आम्हास वाटते. कारण तो दोनशेहून अधिक जणांनी मिळून उभा केला.

अशा निधीची पद्धत सोपी आहे. बॅचमधील चार-पाच जण पुढाकार घेतात आणि मित्र मित्राकडे मागतो. रक्कम हप्त्यांनी दिली तरी चालते. पैसा कशासाठी हे आधीच ठरते : शिष्यवृत्ती, प्रयोगशाळा की वसतिगृह. कायम निधी असेल तर मुद्दल राखून केवळ उत्पन्न खर्च होते. वर्षाअखेर हिशेब देणगीदारांपुढे ठेवला जातो. हिशेब मिळाला की पुढचा हप्ता मागावा लागत नाही.

मुद्दल राखून फळ वाटणे हे आपणास नवे नाही. हजरत उमर (रजि.) यांनी खैबरची जमीन याच तत्त्वावर वक्फ केली होती.

मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. बहुसंख्य उलेमांच्या मते जकात हक्कदाराच्या मालकीत गेली पाहिजे. म्हणून तिच्यातून गरीब विद्यार्थ्याची फी द्यावी. इमारत व यंत्रे इमदादीतून घ्यावीत. दोन्हींची खाती वेगळी ठेवावीत. दुसरे, मुद्दल व्याजी ठेवीत न गुंतवता दुकानगाळ्यात घातले, तर भाड्याचे हलाल उत्पन्न येत राहते.

भायखळ्याचे साबू सिद्दीक पॉलिटेक्निक १९३६ साली सुरू झाले. ज्यांचे नाव त्यास आहे, ते व्यापारीच होते. १९८४ मध्ये तेथे अभियांत्रिकी महाविद्यालयही निघाले. अशा संस्थांतून शिकलेले कित्येक जण आज स्वतःचे कारखाने व वर्कशॉप चालवतात. एका बॅचच्या चाळीस जणांनी दरमहा ५०० रुपये दिले, तर वर्षाला २ लाख ४० हजार होतात. फीअभावी शिक्षण सोडणारी काही मुले एवढ्यात नक्की सावरतील. एक बॅच, एक उद्देश आणि चोख हिशेब, एवढ्यावर सुरुवात करता येईल.