रांगेतला माणूस पहिल्या पानावर

आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे आणि आंबेगाव पाण्यात आहे. नव्या माणसाला हे दोनदा सांगावं लागतं. घोड नदीवर डिंभ्याला धरण झालं, पाणी चढत गेलं आणि जुनं आंबेगाव त्याखाली गेलं. तालुक्याच्या शिक्क्यावर मात्र त्याचं नाव राहिलं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलं आहे. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे होऊन त्यांनी प्राण दिले.

बुडालेल्या गावाच्या नावानं चालणारा तालुका! व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना हे आयतं चित्र मिळालं असतं, असं मला फार वाटतं. पाण्याकडे बोट दाखवून पुढारी भाषण करतोय आणि एका कडेला धोतर, चौकड्यांचा कोट आणि चष्मा घातलेला, कानांवर केसांचे दोन झुबके उरलेला त्यांचा तो म्हातारा, ‘सामान्य माणूस’, उभा आहे. तो काही बोलला नसता. तो कधीच बोलला नाही.

लक्ष्मण यांचं वर्तमानपत्र इंग्रजी. तरी ते आमच्या भागात यायचं, ते मुंबईकर मंडळींच्या सामानातून. मुंबईत घरोघरचे डबे पोचवणारे डबेवाले आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळ या पट्ट्यातलेच. सणाला ती माणसं गावी येत. काचेच्या बरण्या, कपबशा, देवाची तसबीर, सगळं पेपरात गुंडाळलेलं असे. सामान सोडलं की आम्ही पोरं चुरगळलेले कागद मांडीवर घेऊन सरळ करायचो आणि लक्ष्मण यांच्या व्यंगचित्राची ती एका कॉलमाची चौकट शोधायचो. खालची ओळ कळायची नाही, पण तोंडं कळायची. मंत्री कोण, साहेब कोण आणि आपला कोण, हे सांगायला मास्तर लागत नसत.

लक्ष्मण म्हैसूरचे. जन्म २४ ऑक्टोबर १९२१ चा, वडील मुख्याध्यापक. ‘मालगुडी’चे आर. के. नारायण हे थोरले भाऊ. शाळेत एकदा मास्तरांनी पान काढायला सांगितलं, लक्ष्मणनी पिंपळाचं पान काढलं आणि मास्तरांनी ते वाखाणलं. आपण चित्रकार होणार, हे तेव्हा मनात रुजलं, असं पुढे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. घरी येणाऱ्या पेपरांतली डेव्हिड लो या ब्रिटिश व्यंगचित्रकाराची चित्रं त्यांना वेड लावत. लोची सही ते बरीच वर्षं इंग्रजीतली ‘काऊ’, म्हणजे गाय, अशी वाचत होते. नाव चुकीचं वाचलं, पण रेष बरोबर वाचली. पुढे मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयानं त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी म्हैसूरला बी. ए. केलं आणि कुंचला सोडला नाही.

मुंबईत ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये ते नोकरीला लागले. तिथे त्यांचे सहकारी होते बाळ ठाकरे. दोघंही लोच्या रेषेवर पोसलेले, दोघांचीही रेघ जोरकस. लक्ष्मण १९४७ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त गेले आणि पन्नासहून अधिक वर्षं तिथेच राहिले. ठाकऱ्यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ सुरू केलं. प्रकाशन यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झालं. सहा वर्षांनी, १९ जून १९६६ ला, शिवसेना निघाली. ठाकऱ्यांचा माणूस चौकटीबाहेर येऊन बोलू लागला, ओरडू लागला, रस्त्यावर उतरला. लक्ष्मण यांचा माणूस चौकटीतच उभा राहिला. मैत्री मात्र शेवटपर्यंत टिकली. महाराष्ट्रावर परिणाम कोणाचा जास्त झाला, हे सांगायला नको. तरी माझं मन त्या न बोलणाऱ्याकडेच जातं.

तो आला कसा, ती हकिगत लक्ष्मण सांगत. सुरुवातीला देश दाखवायचा म्हणून ते चित्रात सगळ्या प्रांतांतली माणसं घालत: बंगाली, पंजाबी, तमिळ, मराठी. रोज पेपर छापायला जायची वेळ ठरलेली, एवढी गर्दी काढायला हात पुरेना. एकेक माणूस गळत गेला आणि शेवटी हा एक उरला. १९५१ पासून तो पहिल्या पानावर रोज दिसू लागला. घाईतून जन्मलेला हा माणूस पुढे कुठल्याही प्रांताचा राहिला नाही, आणि म्हणूनच कुठल्याही तालुक्याचा होऊ शकला. १९८८ मध्ये तो टपाल तिकिटावर आला. त्याच वर्षी लक्ष्मण यांच्या पात्रांवरून दूरदर्शनवर ‘वागले की दुनिया’ सुरू झाली आणि सामान्य माणसाला मराठी आडनाव मिळालं.

तो गप्प का, असं पुष्कळांनी विचारलं आहे. काहींना ती हतबलता वाटते. मला तसं वाटत नाही. घोडेगावच्या कचेरीच्या आवारात बाजूला बसून पाहावं. भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं आलेली असतात. मागे एका आजोबांनी उतारा दाखवायला काढला. कोपरीच्या आतल्या खिशातून पिशवी, तिच्यात दुसरी पिशवी आणि तिच्यात चार घड्यांचा सातबारा. आमच्या पश्चिम पट्ट्यातला पाऊसच असा, की कागद जपायचा तर पिशवीत पिशवी हवी. आजोबा तासभर काही बोलले नाहीत. पण आवारात कोण आलं, कोण कोणाशी कसं बोललं, हे सगळं ते पाहत होते. निघताना त्यांनी ते मला नावानिशी सांगितलं. लक्ष्मण यांचा माणूस असा साक्षीदार आहे. तो तिथे उभा आहे म्हणूनच मंत्र्याचं वाक्य खोटं पडतं. त्याच्या तोंडी एक शब्द घातला असता, तर तो एका पक्षाचा झाला असता.

आणि त्याला उभा करणाऱ्याचे कष्ट! लक्ष्मण सकाळी पेपरांचा ढीग वाचून काढत आणि मग कार्यालयात विषय सुचेपर्यंत बसून राहत. ओळ जुळली, की ब्रश आणि काळी शाई. विरंगुळा म्हणून कावळे काढत, तेही तितक्याच निगुतीनं. २००३ मध्ये अर्धांगवायूनं डावी बाजू गेली. उजवा हात वाचला, आणि त्या हातानं ते काढत राहिले. पद्मविभूषण मिळालं ते त्यानंतर, २००५ मध्ये. शेवटची वर्षं त्यांनी आपल्या पुण्यात काढली. २६ जानेवारी २०१५ रोजी, प्रजासत्ताक दिनी, ते पुण्यातच गेले.

पहिल्या पानावरची ती चौकट आता बहुतेक पेपरांतून गेली आहे. जिल्हा आवृत्त्यांत वाढदिवसाच्या शुभेच्छांना अर्धं पान मिळतं, व्यंगचित्राला एक कॉलम मिळत नाही. हे नुकसान आहे, आणि ते वाचकाचं आहे.

पुण्यात बालेवाडीला महापालिकेनं आर. के. लक्ष्मण यांचं कलादालन उभारलं आहे, ६ मार्च २०२२ रोजी ते खुलं झालं. आंबेगाव-जुन्नरच्या शाळांच्या सहली पुण्याला जातातच. शिक्षकांना विनंती, की यंदा एक एसटी तिकडे वळवा. आणि वहीच्या मागच्या पानावर कुणी पोर तुमचंच तोंड काढताना सापडलं, तर वही ओढून घेण्याआधी चित्र नीट बघा.