साडेतीन फुटी माणसे

इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर लिआंग बुआ नावाची गुहा आहे. २००३ साली तेथे एका प्रौढ स्त्रीचा सांगाडा सापडला. उंची साडेतीन फूट, मेंदू आपल्या मेंदूच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा! काही विद्वानांनी लगेच निकाल दिला, ही रोगाने खुरटलेली बाई. पण २००७ साली मनगटाची हाडे तपासली, ती आपल्यासारखी नव्हतीच. शिवाय त्याच बेटावर २०१४ साली ७ लाख वर्षांपूर्वीचा असाच चिमुकला जबडा निघाला. एवढी वर्षे एकच रोग कसा टिकेल? ही मानवाची वेगळीच जात होती. बेटावर अन्न मोजके. लहान अंगाचे थोडक्यात भागते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तीच टिकली असावीत. तिथला हत्तीचा भाऊबंद स्टेगोडॉनही बुटकाच. याच माणसांच्या थरात दगडाची हत्यारेही सापडली.