कुरुंद्याहून पटानचेरूला

मराठवाड्यातल्या आमच्या कुरुंद्याची पोरं कामासाठी बाहेर पडतात ती बहुतेक पुण्याला, नाहीतर हैदराबादला. पुण्याला निघालेल्याला गाव विचारतं, 'पगार किती?' हैदराबादला निघालेल्याला विचारतं, 'तिथं आपलं कोण हाय?' मलाही हेच विचारलं गेलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं. कारण माझ्या आजोबांच्या पिढीला हैदराबाद परकं नव्हतं, ती त्यांची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. तोवर वरचं कोर्ट, वरचं शिक्षण, मोठी नोकरी सगळं तिकडंच. वसमत भागातल्या पुरजळचे केशवराव कोरटकर वकिलीसाठी आधी गुलबर्ग्याला आणि मग हैदराबादला गेले, तिथल्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि विवेकवर्धिनी ही मराठी शाळा उभी करण्यात पुढे राहिले. विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या तर आडनावातच आमचं गाव आहे. तेही पोरवयात मामांकडे, डॉ. नांदापूरकरांकडे, हैदराबादला शिकायला राहिले होते. रस्ता जुनाच आहे, फक्त मध्ये राज्याची सीमा आली.

ती सीमा रेल्वेतून कळतसुद्धा नाही. नांदेडहून रात्रीची गाडी धरायची. धर्माबाद गेलं की तेलंगणा, मग बासरजवळ गोदावरी लागते. सकाळी हैदराबाद, आणि तिथून पटानचेरूची बस. औषधांच्या कारखान्यांचा हा पट्टा. याची मुळं १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आयडीपीएल या सरकारी कंपनीत आहेत. तिच्या हैदराबादच्या कारखान्यात शिकलेल्या माणसांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. डॉ. रेड्डीज सुरू करणारे अंजी रेड्डीही त्यांतलेच.

अशाच एका कारखान्यात मला गोळ्या दाबण्याच्या विभागात घेतलं. तिथलं पहिलं शिक्षण मशीनचं नव्हतं, कपड्यांचं होतं. आत जाताना मध्ये एक आडवा बाक असतो. बाहेरच्या चपला अलीकडे काढायच्या, पाय उचलून पलीकडे टाकायचा आणि तिथलेच बूट घालायचे. अलीकडचा पाय पलीकडच्या फरशीला लागता कामा नये. मग हात धुणं, कारखान्याचे कपडे, डोक्यावर टोपी, दाढी असेल तर तिच्यावर जाळी. घड्याळ, अंगठी, मनगटाचा दोरा सगळं बाहेर. औंढ्याच्या नागनाथाचा दोरा सोडताना माझा हात थांबला होता. सोबतचा पोरगा म्हणाला, 'देव बाहर बी हैच ना भाई.' मी तो दोरा कपाटात नीट घडी घालून ठेवला, आणि अजून तो तिथंच असतो.

पावडर माझ्यापर्यंत यायच्या आधी बरंच काही होतं. औषध आणि बाकीचा माल मोठ्या भांड्यात कालवतात, ओला गोळा वाळवतात, चाळतात. सगळ्यात शेवटी थोडं मॅग्नेशियम स्टिअरेट मिसळतात, पावडर साच्याला चिकटू नये म्हणून. ते ठरल्यापेक्षा जास्त वेळ घोळलं गेलं तर गोळी मऊ पडते आणि विरघळायलाही वेळ लावते. किती मिनिटं घोळायचं हे म्हणून लिहिलेलं असतं, आणि त्यात कुणी आपली अक्कल चालवत नाही.

मग दाबणं. गोल फिरणाऱ्या चकतीत साच्यांची ओळ, वरून एक पंच, खालून एक, मध्ये पावडर. खालचा पंच किती खोल बसतो त्यावर गोळीचं वजन ठरतं आणि दोन पंच किती जवळ येतात त्यावर कडकपणा. एवढं समजलं की मशीन समजलं, असं आमचे जुने ऑपरेटर सांगायचे. ते सिद्दिपेटकडचे, सगळे त्यांना अन्ना म्हणतात. मशीनचा आवाज बदलला की मान न वळवता ते ओळखायचे: पंच कोरडा पडलाय, की हॉपरमधली पावडर संपत आली. मला तो आवाज कळायला फार दिवस लागले. गावी हळद पॉलिश करणारा ड्रम फिरतो तेव्हा हळकुंडं गुळगुळीत झाली की खडखड कमी होते आणि म्हातारी माणसं घरात बसून 'झालं' म्हणतात, तसंच हे.

पण माझा जीव जडला तो वजनावर. ठरल्या वेळाने वीस गोळ्या काढायच्या आणि एकेक काट्यावर ठेवायची. सरासरी २५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर फरक पाच टक्क्यांच्या आत हवा. जास्तीत जास्त दोनच गोळ्या त्याबाहेर गेलेल्या चालतात. काही गोळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये शंभर वेळा फिरवायच्या, एक टक्क्याहून जास्त झिजता कामा नये. साध्या, आवरण नसलेल्या गोळीने ३७ अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटांच्या आत फुटलं पाहिजे. ३७ अंश म्हणजे माणसाच्या अंगाची ऊब. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चकित झालो. गोळी कुणाच्या पोटात जाणार आहे हे त्या काचेच्या भांड्याला आधीपासून माहीत आहे.

आणि लिहिणं. प्रत्येक घाण्याची एक फाइल असते. कोणी काय केलं, किती वाजता, कोणी पाहिलं, सगळ्यांच्या सह्या. आकडा चुकला तर एकच रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. जुना आकडा वाचता आलाच पाहिजे. व्हाइटनरला बंदी. 'लिहिलं नाही म्हणजे झालं नाही,' हे तिथं रोज ऐकू येतं. मराठवाड्यातल्या कित्येक सरकारी कामांना हा एवढा एक नियम लागला तर काय होईल, असं माझ्या मनात येतं.

भाषेची भीती लवकर गेली. कारखान्यात दखनी चालते, आणि ती आमच्या वसमत-नांदेडच्या बाजारातही चालते. 'नक्को', 'हौ' म्हटलं की समोरचा हसून जवळ सरकतो. तेलुगू मात्र शिकावीच लागली. घरमालकीणबाई दुसरं काही बोलत नाहीत, आणि त्यांच्याशी तोडकं बोलायला लागल्यावरच पाण्याच्या टाकीची वेळ, दवाखाना, दळण हे सगळं सोपं झालं. संध्याकाळी रस्त्याकडेला बाया जोन्ना रोट्टे थापतात. ती ज्वारीची भाकरीच, जरा पातळ. पटानचेरूलाच १९७२ पासून इक्रिसॅट ही संस्था ज्वारी-तुरीवर संशोधन करते. आमच्या शिवारातली पिकं इथं प्रयोगशाळेत आहेत हे कळल्यावर मला उगाच नातं जडल्यासारखं वाटलं.

जड जातं ते कागदांचं. पीएफचा नंबर आणि विम्याचं कार्ड माणसाबरोबर येतात. जातीचा दाखला येत नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातीत असलेला माणूस कामासाठी तेलंगणात आला की तिथल्या राज्याच्या नोकरीत त्याला राखीव जागा मिळत नाही, ती त्याच्या मूळ राज्यातच. माझ्या खोलीतला सोबती यामुळेच अजून मन घट्ट करून इथं राहत नाही, त्याचं अर्धं लक्ष परभणीच्या भरतीकडे असतं. त्याच्याशी कामाचं मन लावून बोलावं तर तो म्हणतो, 'आपलं इथलं काय खरं?' पिढ्यान्‌पिढ्या एका राज्यात असलेल्या दोन गावांमध्ये ही अडचण उभी राहावी, हे मला पटत नाही.

आता गावाकडून फोन येतात. वसमतच्या कॉलेजातली पोरं विचारतात, यावं का? मी सांगतो, मूळ मार्कशीट आणि तिच्या चार झेरॉक्स आण. पहिला पगार हातात यायला वेळ लागतो, तोवरचं खोलीभाडं जवळ ठेव. आणि मशीनवर उभं राहायची घाई करू नकोस, आधी काट्यावर बसायला माग.