अलिबाग ते फिलाडेल्फिया : स्वतःच्या मताच्या मुली

१० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात तीन विद्यार्थिनींचं एक छायाचित्र काढलं गेलं. तिघीही वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात डॉक्टरकी शिकत होत्या. जपानच्या केई ओकामी, सीरियातल्या साबात इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई जोशी. परदेशी कॉलेजात शिकणाऱ्या या मुली छायाचित्राला आपापल्या देशाच्या पोशाखात, दागिने घालून बसल्या आहेत. परंपरा जपणाऱ्या आणि तरीही स्वतःच्या बुद्धीनं चालणाऱ्या मुलींचं कॉलेजातलं याहून जुनं, याहून बोलकं चित्र माझ्या पाहण्यात नाही.

या वाटेवरचा एक मुक्काम रायगडच्या किनाऱ्यावर आहे. १८६५ साली जन्मलेल्या कल्याणच्या यमुनेचं, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाईंचं, नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न झालं. ते टपाल खात्यात कारकून. त्यांची अलिबागला बदली झाली आणि नातेवाइकांच्या नजरेपासून दूर, या लहानशा गावात आनंदीबाईंचा अभ्यास चालू राहिला. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाईमाणसाला बाई डॉक्टर हवी, हा त्यांचा निश्चय त्या दुःखातून पक्का झाला.

अमेरिकेला निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमधल्या श्रीरामपूर (सेरामपोर) कॉलेजच्या सभागृहात त्यांनी भाषण केलं. एकटी का जातेस, जातीनं वाळीत टाकलं तर काय करशील, अशा प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिलं. अमेरिकेतही आपल्या चालीरीती, आहार, पोशाख यांत बदल करणार नाही आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे त्यांनी भर सभेत सांगितलं. तेव्हा त्या अठराही पूर्ण नव्हत्या.

हा शब्द त्यांनी पाळला, पण डोळे उघडे ठेवून. तिकडच्या थंडीत नऊवारीत पाय उघडे पडत, म्हणून त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. शाकाहार सोडला नाही. न्यू जर्सीच्या थिओडिसिया कार्पेंटर या ख्रिस्ती बाईंच्या घरी त्या राहिल्या, त्यांना मावशी मानलं, मात्र धर्म बदलला नाही. प्रबंधासाठी त्यांनी प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र हा विषय घेतला. एका सभेत तर त्यांनी बालविवाहाच्या चालीचीही बाजू मांडली. ते मत आज कुणालाच पटणार नाही, मलाही पटत नाही. पण आपल्या समाजाची बाजू परक्या सभेत एकटीनं मांडायला लागणारं धैर्य मला मोलाचं वाटतं.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्या कठोर टीका करत होत्या. दोघींचे मार्ग वेगळे, तरी एकीच्या यशाला दुसरी हजर. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी आनंदीबाईंना मायेनं सांभाळलं आणि पुढे रमाबाईंच्या पुस्तकाला प्रस्तावनाही लिहिली. मतं जुळली नाहीत तरी आदर टिकतो, हे त्या कॉलेजात दिसलं.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. क्षयानं ती संधी हिरावली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावं वर्ष पूर्ण होण्याआधीच, पुण्यात त्यांचं निधन झालं.

परंपरा मानणाऱ्या स्त्रियांनी पुढे संघटनाही उभारल्या. १९३६ च्या विजयादशमीला लक्ष्मीबाई केळकरांनी वर्ध्यात राष्ट्र सेविका समिती स्थापन केली. जिजाबाईंचं मातृत्व, अहिल्याबाईंचं कर्तृत्व आणि झाशीच्या राणीचं नेतृत्व हे तिचे आदर्श. त्यांपैकी जिजाबाईंची समाधी आपल्याच जिल्ह्यात, रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला आहे.

आज अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या मुली कॉलेजात शिकतात. कुणी कोळीवाड्यातली, कुणी आगरी घरातली, कुणी कोकणी मुसलमान. एखादी उपास करते, एखादी डोक्यावरून ओढणी घेते आणि दोघींनाही मोठं व्हायचं असतं. अशी मुलगी मागासलेली असणार, असं कॉलेजनं गृहीत धरू नये. तसंच परंपरेचं नाव सांगून घरच्यांनी तिची पुस्तकं बंद करू नयेत. महाविद्यालयांतल्या महिला विकास कक्षांनी या मुलींना महिन्यातून एकदा तरी एकत्र बसवावं, लग्न, नोकरी, धर्म, हक्क यांवर मोकळेपणी वाद घालू द्यावा आणि निष्कर्ष त्यांचा त्यांना काढू द्यावा. काय जपायचं आणि काय बदलायचं, हे आनंदीबाईंनी स्वतः ठरवलं. तो अधिकार या किनाऱ्यावरच्या प्रत्येक मुलीचा आहे.